पाच जणांचा ऑर्केस्ट्रा, एक कर्णा: मेणाच्या सिलिंडरवरच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

प्रकल्पाची हद्द आज ठरली. १८८९ पासून पुढची काही वर्षे न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा एडवर्ड इस्लर आपला छोटा वाद्यमेळ घेऊन मेणाच्या सिलिंडरवर, म्हणजे सुईने आवाजाची चर कापलेल्या फिरत्या नळकांड्यावर, ध्वनिमुद्रण करत होता. त्या धाटणीची बैठक पुन्हा मांडायची, खऱ्या मेणावर, खऱ्या स्प्रिंगच्या यंत्रांवर, विजेचा मायक्रोफोन न वापरता, फक्त कर्ण्याने, म्हणजे आवाज गोळा करून सुईकडे नेणाऱ्या शंकूने. सूचीपत्रात नाव 'इस्लर्स ऑर्केस्ट्रा' असे भारदस्त, पण खोलीत माणसे मोजकी: पियानोवर स्वतः इस्लर, बासरी आणि पिकोलोवर जॉर्ज श्वाइनफेस्ट, कॉर्नेटवर (छोटे पितळी फुंकवाद्य) डी. बी. डाना, क्लॅरिनेटवर विल्यम ट्यूसन. आम्ही हीच चार वाद्ये घेतली आहेत. पाचवी जागा झायलोफोनला दिली, कारण त्या काळच्या मुद्रणात ते भरपूर वाजले आहे आणि मेणावर ते कसे उमटते ते तपासायचे आहे.

एडिसनच्या प्रयोगशाळेतली पद्धतशीर मुद्रणवही २४ मे १८८९ ला सुरू होते. त्याच्या पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनचा मरीन बँड (अमेरिकेच्या मरीन दलाचा) कोलंबिया कंपनीसाठी मुद्रण करताना दिसतो आणि १८९७ पर्यंत त्या बँडची ४०० हून अधिक शीर्षके विक्रीला होती. म्हणजे एकाच वेळी, एकाच प्रकारच्या यंत्रावर, पितळी वाद्यांचा बँडही वाजत होता आणि चार-पाच जणांची मंडळीही. 'कर्ण्याला जास्त वाद्ये पेलत नव्हती म्हणून माणसे कमी' हे नेहमीचे उत्तर इथे पुरे पडत नाही. मग चारच माणसांचा मेळ इतकी वर्षे का टिकला, हा या नोंदींचा मुख्य प्रश्न.

जागा: एडिसन टाउनशिपमधली तळघरातली खोली, ४.२ मीटर बाय ५.५ मीटर, छत २.३ मीटर. १८७७ चा कथलाच्या वर्खावरचा फोनोग्राफ जिथे झाला ते मेन्लो पार्क याच टाउनशिपमध्ये येते. इथल्या मराठी घरांतून रोज ते नाव रस्त्याच्या पाटीवर वाचले जाते, म्हणून काम इथेच करायचा आग्रह होता.

११ जानेवारी

यंत्रे तीन, एडिसन फोनोग्राफच्या दोन नमुन्यांची: दोन एडिसन होम, एक एडिसन स्टँडर्ड. तिन्हींचे फीड स्क्रू (सुई पुढे सरकवणारे) इंचाला १०० फेऱ्यांचे, म्हणजे शेजारच्या दोन चरींत ०.२५४ मिमी अंतर.

गती कोणती ठेवायची यावर बराच वेळ गेला. मिनिटाला १६० फेरे हे मानक १९०२ च्या साच्यातल्या सिलिंडरांबरोबर पक्के झाले. त्याआधीच्या तपकिरी मेणावर १२० च्या घरापासून १४४ पर्यंत वेगवेगळ्या गती सापडतात. हिशोब असा: सिलिंडर १०८ मिमी लांब, त्यातले साडेतीन इंच वापरता येतात, म्हणजे ३५० फेरे. १२० गतीला २ मिनिटे ५५ सेकंद, १४४ ला २ मिनिटे २६ सेकंद, १६० ला २ मिनिटे ११ सेकंद. बाहेरचा घेर सुमारे १७४ मिमी, म्हणून १४४ ला मेण सुईखालून सेकंदाला ४१८ मिमी सरकते आणि २००० हर्ट्झच्या सुराची एक लाट ०.२१ मिमीत बसते. १२० ला तीच लाट ०.१७ मिमीची होते. वाजवणाऱ्या गोल टोकाला इतक्या आखूड खळग्यांत नीट उतरता येत नाही आणि वरचे सूर बोथट होतात. १४४ वर एकमत झाले.

गती मोजायची ती कापणी चालू असताना. रिकामे यंत्र १४४ ला लावले आणि सुई मेणाला टेकवली की स्टँडर्ड १३८ वर उतरते. १४४ वरून ८ फेरे कमी झाले की जवळजवळ अर्धा सूर हलतो, त्यामुळे ही घसरण कानाला लगेच कळते. रीत: मँड्रेलच्या (सिलिंडर चढवायच्या दांड्याच्या) कडेला पांढऱ्या कागदाची खूण, १५ सेकंदांत ३६ फेरे, गव्हर्नरचा (गती एकसारखी ठेवणाऱ्या भागाचा) स्क्रू पाव वळणाने पुढेमागे. प्रत्येक मुद्रणाआधी पूर्ण चावी. गती येण्याआधीच सुई टेकवली तर सुरुवात मंद फिरत्या मेणावर कापली जाते आणि वाजवताना पहिले दोन सेकंद सूर चढा लागून खाली घसरतो.

स्टँडर्डचा चामड्याचा पट्टा बदलला. जुन्या पट्ट्याचा जोड जाड होता, दर फेरीला 'धप' असा धक्का उमटत होता. नव्या पट्ट्याची दोन्ही टोके तिरकी तासून चिकटवली, धप गेली.

१८ जानेवारी

कर्णे. पहिला सरळ शंकू, लांबी ६६ सेमी, तोंड १५ सेमी, पातळ कथिलाच्या पत्र्याचा. रेकॉर्डरपर्यंतची, म्हणजे पडदा आणि कापणारी सुई असलेल्या डबीपर्यंतची, रबरी नळी ६ सेमी. पहिल्याच चाचणीत दोन वेगळे दोष दिसले आणि सुरुवातीला आम्ही ते एकच समजलो.

पहिला दोष पत्र्याचा. कर्ण्याला टिचकी मारली की तो भांड्यासारखा वाजतो आणि हा नाद प्रत्येक ठळक सुरामागे उमटतो. त्या काळी कर्ण्यावर फीत गुंडाळत, आम्हीही सुती फीत दोन थरांत ओढून गुंडाळली. नाद मेला.

दुसरा दोष आतल्या हवेचा. फीत गुंडाळूनही मधल्या सी च्या खालचा बी फ्लॅट, म्हणजे २३३ हर्ट्झ, कॉर्नेटने लांब धरला की रेकॉर्डर फाटका आवाज काढत होता. इतके खोल कापले जात होते की चर शेजारच्या चरीत घुसत होती. एका टोकाला बंद असलेल्या शंकूतली हवा आपल्या लांबीच्या दुप्पट लाटेला घुमते. आमच्या कर्ण्याची नळीसकट धरलेली लांबी पाऊण मीटरच्या आसपास, म्हणून घुमणूक २३० हर्ट्झजवळ. बँडची बरीच वाद्ये बी फ्लॅटची असल्यामुळे तो स्वर मार्चमध्ये, म्हणजे संचलनाच्या चालीत, पदोपदी येतो. बाहेरून कितीही फीत गुंडाळली तरी यावर काही परिणाम होणार नाही.

उपाय: दुसऱ्या यंत्रासाठी ९१ सेमीचा कर्णा केला. त्याची घुमणूक १७० हर्ट्झजवळ उतरली. तिथे आमच्या वाद्यांचे लांब सूर जवळपास नाहीत. दुसरी घुमणूक ३४० ला येते, पण ती सौम्य आहे. तिसऱ्या यंत्राला ६६ चाच कर्णा ठेवला आणि त्याच्यासाठी कॉर्नेटच्या ओळीतला धरलेला बी फ्लॅट दोन सुटे ठोके करून घेतला.

रेकॉर्डरचे रबरी वायसर जुने, दगड झालेले. त्यामुळे पडदा एका कडेला दाबला जाऊन बझ येत होता. मऊ वायसर टाकले, पडदा बोटाने हलके दाबून सगळीकडे सारखा परत येतो का ते पाहिले.

१ फेब्रुवारी

कोरे सिलिंडर आजच्या हाताने ओतणाऱ्या कारागिरांकडून ३६ नग. तपकिरी मेण म्हणतात, पण मधमाशीच्या मेणाशी त्याचा संबंध नाही. स्टीअरिक आम्लाचा सोडा आणि ॲल्युमिनियमबरोबर केलेला तो धातूचा साबण आहे, लवचिकपणासाठी त्यात सेरेसिन किंवा पॅराफिन. साबण असल्याने दमट हवा त्याला सोसत नाही. बुरशी लागली की पांढऱ्या नक्षीत मेणच खाल्ले जाते, पुसून जात नाही.

हाताळणी: तर्जनी आणि मधले बोट आत घालून फाकवायचे, बाहेरच्या अंगाला हात नको. जाड कड शेवटी राहील अशा बाजूने मँड्रेलवर चढवायचे, अंगचा निमुळतेपणा लागला की थांबायचे, दाबायचे नाही. गरम सिलिंडर गच्च बसवला आणि तसाच थंड होऊ दिला तर मेण आकसते आणि उभी चीर जाते. एक नग असा गेला.

तासणी: एका होमवर तासणीचे पाते आहे. एका वेळी अगदी पातळ थर, दोन फेऱ्या. पाते बोथट असेल तर पृष्ठभागावर सावलीत दिसणाऱ्या तिरक्या रेघा राहतात आणि त्या पुढे सतत खरखरतात. तासल्यावर उंटाच्या केसांच्या ब्रशने भुगा झाडायचा, कापडाने पुसायचे नाही. नाकावर फडके बांधावे, भुगा बारीक असतो.

कापण्याची खोली. आमच्या नीलमण्याच्या कपसुईचा व्यास १ मिमी आहे. त्या गोलाईने १६ मायक्रॉन खोल कापले की चरीची रुंदी ०.२५४ मिमी भरते, म्हणजे शेजारच्या चरीला चिकटते. शांत असताना ८ मायक्रॉनच्या आसपास कापायला हवे, म्हणजे रुंदी ०.१८ मिमी आणि मोठ्या आवाजाला जागा उरते. हे डोळ्याने ओळखता येते: १० पटीच्या भिंगाखाली दोन चरींमध्ये कोरे चकचकीत मेण दिसले पाहिजे, चरीच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडे कमी. कोरी पट्टी दिसत नसेल तर सुईवरचे वजन कमी करा.

तापमान सगळ्यात महत्त्वाचे. १७ अंशांवर मेण ठिसूळ, कीस पिठासारखा पडतो, खरखर मोठी. २७ अंशांवर कीस अखंड केसासारखा निघतो. सिलिंडर आदल्या रात्रीपासून २८ अंशांच्या पेटीत ठेवतो, खोली २६ वर. वादकांना उकडते, कॉर्नेट आणि क्लॅरिनेटचा सूर चढतो. पियानो त्यांच्याबरोबर चढत नाही. म्हणून सूर लावणे खोली तापल्यावरच.

८ फेब्रुवारी

पियानो एकटा. उभा पियानो, पाठीमागचा कापडी पडदा आणि पुढची फळी काढली, पाठ कर्ण्याकडे. ध्वनिफळीचा मध्य कर्ण्याच्या तोंडाच्या उंचीला यावा म्हणून पियानो ३० सेमी उंच लाकडी चौथऱ्यावर. चौथरा आतून पोकळ होता, त्याचा गडगडाट आला, वाळूच्या पिशव्या भरल्या.

अंतर ४० सेमी. मधल्या सप्तकाच्या वरचे दोन सप्तक स्पष्ट. डाव्या हाताचे खर्जाचे सूर मूळ रूपात उमटतच नाहीत. २०० हर्ट्झच्या खाली जे ऐकू येते ते वरच्या अंशस्वरांवरून कान जुळवून घेतो. म्हणून डावा हात अष्टकात (तोच सूर एक सप्तक वरही जोडून) वाजवून घेतला, वरचा सूर ठळक, पेडल पूर्ण बंद. पेडल लावले की आघात पुसट होतो, आणि मेणावर पियानो ओळखू येतो तो आघातावरूनच.

खोलीत आधी चारी भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. पियानो गोधडीत गुंडाळल्यासारखाच उमटला. पियानोच्या विरुद्ध भिंतीवरची गोधडी काढून उघडी लाकडी फळी ठेवली, आवाजात दम आला. आता फक्त कॉर्नेटच्या मागे एक गोधडी.

सहज म्हणून पियानोच्या जागी पेटी ठेवून एक सिलिंडर कापला. पेटीचा सूर एकसारखा टिकतो, आघाताचा शिखरबिंदू नाही, त्यामुळे सुई खोल न घुसता भरपूर आवाज कापता येतो. त्याच अंतरावर पियानोहून कितीतरी भरीव उमटली. मेण आणि पेटी यांचे चांगले जमते, यावर स्वतंत्र काम व्हायला हवे.

१५ फेब्रुवारी

एकेका वाद्याचे अंतर ठरवले. नियम साधा: मोकळ्या हवेत अंतर दुप्पट केले की पातळी ६ डेसिबलने उतरते. कॉर्नेट बासरीपेक्षा सुमारे १२ डेसिबलने मोठे आले, म्हणजे बासरीच्या चौपट अंतरावर. खोलीच्या भिंती आवाज परत देतात म्हणून प्रत्यक्षात चौपटीपेक्षा थोडे जास्तच लागले.

कर्ण्याच्या तोंडापासून: बासरी ४५ सेमी, फुंकीचे छिद्र कर्ण्याच्या मध्यरेषेपासून १५ सेमी वर, नाहीतर फुंकीचा वारा थेट पडद्यावर जातो आणि 'फुस्स' उमटते. क्लॅरिनेट ७० सेमी, वाद्याची मधली भोके कर्ण्याकडे, कारण बहुतेक सूर भोकांतून निघतो, तोंडातून फक्त सगळ्यात खालचे. कॉर्नेट २.१ मीटर, तोंड कर्ण्याच्या बाजूला ३० अंश वळवून. झायलोफोन ९० सेमी, कठीण लाकडी काठ्या, पट्ट्यांखाली कापडाऐवजी गवताच्या पेंढ्या.

झायलोफोन मेणावर आश्चर्य वाटावे इतका खरा उमटतो. आघात छोटा, सूर लगेच विरतो, पुढच्या सुराला चर मोकळी. पिकोलोला मात्र एक मर्यादा आहे. २५०० हर्ट्झच्या पुढे यंत्र फारसे काही पकडत नाही आणि पिकोलोचा सगळ्यात वरचा ई २६३७ ला आहे. त्याच्यावरची धावती जागा विरळ होत गेली. पोल्काची (नाचाच्या चालीची) ती ओळ एक अष्टक खाली बासरीवर घेतली. बासरीचे मूळ सूर २६२ ते २०९३ हर्ट्झ, पूर्ण पट्टा यंत्राच्या हद्दीत. श्वाइनफेस्टसारखा एकच माणूस दोन्ही वाद्ये हाताशी ठेवत असे, त्याचा उपयोग आता नीट कळतो: कुठली ओळ कुठल्या वाद्यावर उतरेल हे ऐन वेळी बदलता येते.

व्हायोलिनही तपासले. ३० सेमीवरसुद्धा दुबळे. यावरचा खास उपाय, पडदा आणि ॲल्युमिनियमचा कर्णा लावलेले स्ट्रो व्हायोलिन, १८९९ नंतरचे. इस्लरच्या सुरुवातीच्या दिवसांत ते नव्हतेच, म्हणून आम्हीही ते बाजूला ठेवले.

२२ फेब्रुवारी

पूर्ण मेळ, मार्च. पाच सिलिंडर घेतले, पाचही निकामी.

दोषांची कारणे एकेक वेगळी होती. पहिल्यात सगळ्यांनी एकाच ठोक्यावर पूर्ण जोर लावला. एकेकटे तपासताना प्रत्येकाची पातळी सुरक्षित होती, पण पाचांची बेरीज १६ मायक्रॉनच्या पुढे गेली आणि तिथून वाजवताना सुई शेजारच्या चरीत उडी मारते. दुसऱ्यात कीस कर्ण्याखाली साठून सुईला गुंडाळला गेला, ४० सेकंदांनंतर काही उमटलेच नाही. आता एक जण फक्त कीस फुंकायला, रबरी नळीने, कापणीच्या मागच्या बाजूने. पुढून फुंकले तर फुंकर मुद्रित होते. तिसऱ्यात पियानोवादकाला कॉर्नेट ऐकू येत नव्हते, कारण कॉर्नेट त्याच्या पाठीमागे गेले होते. ताल अर्ध्या मात्रेने सरकला. चौथा वेळेत संपला नाही. मार्चचा वेग मिनिटाला १२० ठोके, मापात दोन ठोके, म्हणजे १६ मापांचा भाग १६ सेकंदांचा. उद्घोषणेला ८ सेकंद, शेवटी ३ सेकंद मोकळे. एक पुनरावृत्ती काढल्याशिवाय बसत नाही. पाचवा सिलिंडर चढवतानाच पडला.

पाहिजे ती दुरुस्ती: ठळक जागी सगळे मिळून नको. मोठ्या ठोक्यावर कॉर्नेट आणि पियानो, क्लॅरिनेटने त्या वेळी धरलेला सूर सोडायचा. कागदावर लिहिलेली 'मोठ्याने, हळू' ही चिन्हे सगळी पुसली. मुद्रणात सगळे एका मध्यम ठळकपणाने वाजवतात आणि चढउतार वाद्ये आत-बाहेर करून होतो. सोलो आला की वादक एक पाऊल कर्ण्याकडे जातो, संपला की मागे येतो. जमिनीवर खडूने पावलांच्या खुणा काढल्या.

कॉर्नेटसाठी पियानोच्या वर एक आरसा टांगला, आता त्याला पियानोवादकाचा चेहरा दिसतो.

२३ फेब्रुवारी

तीन चांगले सिलिंडर. पण निराशा एकच: कर्ण्यावरून वाजवल्यावर पियानो जवळपास नाहीसा. कॉर्नेट आणि झायलोफोन पुढे, बाकी मागे धूसर. पियानो २५ सेमीवर आणला तर ठोक्यांवर चर फुटते.

१ मार्च

आज सगळ्यात मोठी गाठ सुटली, म्हणून थोडे सविस्तर.

आम्ही ऐकत होतो ते ३५ सेमीच्या पितळी कर्ण्यावरून. १८८९-९५ च्या सिलिंडरांचे मोठे गिऱ्हाईक मात्र नाणे टाकून चालणारी यंत्रे होती. २३ नोव्हेंबर १८८९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस रॉयल सलूनमध्ये लुई ग्लासने असे यंत्र लावले आणि तिथून ही पद्धत पसरली. त्या यंत्राला कर्णा नव्हता, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या कानात घालायच्या नळ्या होत्या. मग आम्हीही रबरी नळ्यांची दुहेरी जोडणी केली, आतला व्यास ८ मिमी, लांबी ९० सेमी, टोकाला लाकडी गोळ्या.

तोच २३ फेब्रुवारीचा सिलिंडर. पियानो स्वच्छ आला. डाव्या हाताची चाल कळते, क्लॅरिनेटची आतली ओळ मोजता येते. खोलीतला आवाज मध्ये येत नाही, कर्ण्याची स्वतःची घुमणूक मध्ये येत नाही आणि पडद्याची जवळजवळ सगळी हालचाल कानापर्यंत पोचते. उलट पाच वाद्ये एकदम ठळक वाजली तिथे नळीतून ऐकणे नकोसे होते, गिचमीड वाटते. चारच वाद्ये वाजली तिथे प्रत्येक माणूस वेगळा ऐकू येतो.

आमच्या मते चार जणांच्या मेळाचे निम्मे उत्तर इथे आहे. तो मेळ कानाला लावलेल्या नळीसाठी केलेला होता, एका वेळी एका माणसाच्या दोन कानांसाठी. कर्ण्यावरून खोलीभर ऐकवायचे असेल तर बँड शोभतो. नळीत चार वाद्ये पुरतात, आणि पाचवे वाद्य खरे तर जास्तच होते. झायलोफोन आता फक्त त्याच्या सोलोपुरता, एरवी गप्प.

ऐकणाऱ्या मित्रांसाठी एक सूचना: जुनी तपकिरी सिलिंडरे, किंवा त्यांची डिजिटल रूपे, आधी चांगल्या हेडफोनवर ऐकावीत. स्पीकरवर ऐकून 'त्या काळी पियानो उमटतच नव्हता' असा निकाल देणे घाईचे आहे.

८ मार्च

उरलेले निम्मे उत्तर हिशोबात आहे. साच्यातून प्रती काढणे १८९० च्या दशकात बाजारात आले नव्हते. यंत्राला यंत्र जोडून नक्कल करण्याची सोय होती, पण प्रत्येक नकलेत आवाज उतरे आणि मूळ सिलिंडर झिजे. म्हणून चांगल्या प्रती हव्या तर पुन्हा वाजवायचे. एका फेरीत जितकी यंत्रे तितकेच सिलिंडर. मरीन बँडच्या मुद्रणाच्या चित्रात बँडसमोर रांगेने मांडलेली अनेक यंत्रे दिसतात. एका मार्चच्या ३०० प्रती हव्या असतील तर दहा यंत्रांवर ३० वेळा तोच मार्च, तीन यंत्रांवर १०० वेळा.

आज तीन यंत्रांवर सलग १० फेऱ्या केल्या. वाजवणे २ मिनिटे १० सेकंद. सिलिंडर उतरवणे, चढवणे, कीस झाडणे, चावी, गती तपासणे यांना ४ मिनिटे. एकूण ६ मिनिटांच्या थोडे वर, म्हणजे तासाला ९ ते १० फेऱ्या. १०० फेऱ्यांना दहा-अकरा तास लागतात. एवढा वेळ रोज, वर्षानुवर्षे, त्याच त्या चाली, तितक्याच अचूक वाजवणारे चार जण सांभाळणे शक्य आहे. बँडला दिवसभर खोलीत बसवून ठेवणे महागात पडणारे काम आहे. शिवाय चारांत एक चुकला तर वाया जातात तीन सिलिंडर. माणसे वाढली की चुकीची शक्यताही वाढते. आमच्या ३० सिलिंडरांपैकी २१ चांगले निघाले. गेलेल्या नऊपैकी सहा ओळीने सातव्या आणि आठव्या फेरीत गेले. कॉर्नेटचे ओठ थकले होते, सूर उतरला होता. कॉर्नेटला दर पाच फेऱ्यांनंतर १५ मिनिटे विश्रांती, हा नियम आज लिहून भिंतीवर लावला. डाना हे काम कसे निभावत असेल याचा विचार करून मान लवते.

आणखी एक गोष्ट पक्की झाली. एकाच फेरीतले तीन सिलिंडर एकसारखे नसतात. मधल्या यंत्रावर पियानो आणि बासरी पुढे, डावीकडच्यावर कॉर्नेट, उजवीकडच्यावर क्लॅरिनेट इतके ठळक की जणू त्याचाच सोलो. जुने तपकिरी सिलिंडर ऐकून 'इस्लरच्या मेळात क्लॅरिनेट मोठे असे' असे काही ठरवण्याआधी तो सिलिंडर कुठल्या यंत्रावरचा असेल हा प्रश्न विचारावा लागेल. उत्तर मिळण्याची शक्यता कमी, तरीही.

९ मार्च

उद्घोषणा. तपकिरी सिलिंडरवर लेबल चिकटवायला जागा नाही, चिठ्ठी डब्यात असते आणि डबे बदलतात. म्हणून सुरुवातीला रचनेचे आणि मेळाचे नाव कर्ण्यात ओरडून सांगायचे. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर गायिका शेवटी आपले नाव सांगते ते कानांवर आहेच. इथे ते सुरुवातीला येते. अंतर १० सेमी, आवाज चढवून पण सपाट, 'प' आणि 'फ' वर तोंड किंचित बाजूला. उद्घोषक संपल्यावर वाकून खाली सरकतो. बाजूला सरकला तर बासरीच्या आड येतो. उद्घोषणेनंतर एक सेकंद ए चा सूर स्वरकाट्याने, ४४० हर्ट्झ. गती सुधारताना याचा आधार लागतो.

१५ मार्च

डिजिटल रूपांतर. चर उभ्या हालचालीची आहे, आडव्या नाही. स्टिरिओ पिकअपची एक वाहिनी उलटी जोडून दोन्हींची बेरीज केली, आडवा खडखडाट बराचसा रद्द होतो आणि उभा संकेत दुणावतो. गोल जाड टोक, दाब कमीत कमी. जुन्या यंत्राचे वजनदार रिप्रोड्यूसर (वाजवणाऱ्या सुईच्या डब्या) काळ्या कठीण मेणासाठी आहेत, ते तपकिरीवर ठेवू नयेत; एका वाजवण्यात वरचे सूर खरवडले जातात. आमच्या यंत्रावर हलका ऑटोमॅटिक रिप्रोड्यूसरही दहाव्या वाजवण्यानंतर बासरी किंचित धूसर करतो. म्हणून नोंदीचा नियम: पहिले वाजवणे रूपांतरासाठी, मग बाकीचे.

सिलिंडरचा एक गुण नोंदवायला हवा. तबकडीवर आत जावे तसा चरीचा वेग घटतो आणि शेवटचे मिनिट दबते. इथे पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्यापर्यंत वेग तोच, आमच्या मार्चचा शेवटचा भाग सुरुवातीइतकाच उजळ आहे.

२१ पैकी ४ सिलिंडर दमट कोपऱ्यात राहिले, दोनांवर ठिपके दिसले. सगळे नवे आम्लरहित पुठ्ठ्याच्या नळ्यांत, उभे, सिलिकाच्या पुड्यांसह. आर्द्रता ४० टक्के.

२९ मार्च

पुढच्या बैठकीची मांडणी: यंत्रे तीन, कर्णे ९१, ९१ आणि ७६ सेमी, ६६ चा निवृत्त. बासरी ४५ सेमी. क्लॅरिनेट ८५, उजव्या यंत्रापासून दूर. कॉर्नेट २.३ मीटर, आरसा १० सेमी खाली. पियानो ४० सेमी, चौथऱ्यात वाळू आणखी एक पिशवी. झायलोफोन फक्त पोल्कात. निवाडा कानाच्या नळ्यांवर, कर्ण्यावर नंतर. कोरे सिलिंडर १५ शिल्लक, त्यातले ६ तासायचे आहेत, पात्याला आधी धार.